देवाचा प्राण कशात? : फँटसीतील देववधाचा इतिहास

अमरत्व हे देवत्वाचे लक्षण मानले, तर ‘देवाचा मृत्यू’ हा वदतोव्याघात ठरतो. तरीही आधुनिक फँटसीने हे आशयसूत्र पुन्हापुन्हा हाताळले आहे. देव कोणी मारला, यापेक्षा तो कोणत्या रीतीने मारला गेला, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. कारण वधाची रीत ठरवताना देवत्व कशात साठवलेले आहे, याचा निर्णय लेखकाला करावा लागतो. लोककथेतील राक्षसाचा प्राण पिंजऱ्यातल्या पोपटात असतो आणि तो पोपट हाती लागल्यावाचून राक्षस मरत नाही. फँटसीतील देवांचा प्राण कशाकशात ठेवला गेला, हे पाहिले असता या साहित्यप्रकाराचे धाडस आणि त्याची मर्यादा ही दोन्ही स्पष्ट होतात.

या आशयसूत्राचा वारसा दुहेरी आहे. आइसलँडमध्ये इ. स. १२२० च्या सुमारास स्नोरी स्टर्लुसनने सिद्ध केलेल्या ‘एड्डा’त देवांचा अंत अटळ आणि आगाऊ ठाऊक असलेला आहे. ओडिनला फेन्रिर हा लांडगा गिळतो. थॉर महासर्पाला मारतो, पण त्याच्या विषाने नऊ पावलांवर कोसळतो. येथे सत्ता नियतीची आहे. माणसांच्या श्रद्धा-अश्रद्धेचा या अंताशी काहीही संबंध नाही. प्लुटार्कने नोंदवलेली कथा याहून वेगळी आहे. सम्राट टायबेरियसच्या काळात पॅक्सी बेटांजवळून जाणाऱ्या गलबतावरील थामूस या सुकाणूवाल्याला हाक ऐकू येते आणि थोर पॅन मरण पावल्याची वार्ता पुढे पोचवण्याची आज्ञा होते. या मृत्यूला मारेकरी नाही आणि शस्त्रही नाही. आहे ती केवळ वार्ता. पुढे ख्रिस्ती भाष्यकारांनी तीत जुन्या धर्माचा अस्त वाचला.

एकोणिसाव्या शतकाने हा दुसरा धागा उचलला. हायनेच्या ‘निर्वासनातील देव’ (१८५३) या लेखनात पदच्युत ग्रीक देव वेषांतर करून सामान्य व्यवसायांत दिवस कंठतात. नीत्शेने १८८२ मध्ये ईश्वराच्या मृत्यूची जबाबदारी थेट माणसावर टाकली. लॉर्ड डन्सनीच्या लेखनात दोन्ही वारसे एकत्र आले. ‘द गॉड्स ऑफ पेगाना’ (१९०५) मध्ये आदिदेव निद्रिस्त आहे. स्कार्लचा नगारा थांबून तो जागा झाला, की सारी विश्वे आणि इतर देव नाहीसे होणार आहेत. ही नियतीच होय. ‘आयडल डेज ऑन द यान’ (१९१०) या कथेचा निवेदक मात्र भक्तांनी टाकून दिलेल्या एका एकाकी देवाचीच प्रार्थना करतो. देवाचा प्राण भक्ताच्या स्मरणात आहे, ही कल्पना येथे आकार घेते. नील गेमनच्या ‘अमेरिकन गॉड्स’ (२००१) मध्ये तिचाच विस्तार झालेला दिसतो.

परंतु विस्मृतीचे हे शस्त्र ज्यांची पूजा थांबली आहे अशा देवांवरच चालते. गेमनच्या कादंबरीत कालीही आहे. आज कोट्यवधी भक्त असलेली देवता या सिद्धांतानुसार क्षीण होऊ शकत नाही. म्हणून अमेरिकेत आलेले रूप आणि मूळ भूमीतील रूप असा भेद कादंबरीला करावा लागतो. रॉजर झेलाझ्नीच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’ (१९६७) मध्ये ही अडचण अधिक स्पष्ट होते. परग्रहावर वसाहत करणाऱ्या यानातील आद्य मंडळींनी हिंदू देवतांची नावे धारण केली आहेत आणि मनाचे नव्या देहात संक्रमण घडवणारे यंत्र ताब्यात ठेवून पुनर्जन्माला राज्यकारभाराचे साधन बनवले आहे. त्यांच्यातीलच सॅम बुद्धाची भूमिका घेऊन बंड करतो. संक्रमण रोखले, की हे देव मरतात. कारण मुळात ते देव नाहीतच. फिलिप पुलमनच्या ‘दि अँबर स्पायग्लास’ (२०००) मध्येही ‘अधिसत्ता’ म्हणवणारा देव हा स्वतःला निर्माता म्हणून मिरवणारा आद्य देवदूत आहे. स्फटिकाच्या पालखीतून त्याला बाहेर काढणाऱ्या मुलांच्या मनात करुणा असते, आणि तो जर्जर जीव वाऱ्यात विरून जातो. ज्याची उपासना चालू आहे, त्या देवाला मारण्यापूर्वी फँटसी त्याला तोतया ठरवते. म्हणजे मारला जातो तो तोतया, देव नव्हे.

या नियमाला टेरी प्रॅचेटची ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२) ही कादंबरी महत्त्वाचा अपवाद आहे. ओम्नियात ओम या देवाची मंदिरे आहेत, पुरोहितवर्ग आहे, पाखंड्यांना यातना देणारी यंत्रणा आहे; तरीही ओम एका कासवाच्या देहात अडकून पडला आहे, कारण खरा श्रद्धावान म्हणून ब्रूथा हा एकच नवशिका उरला आहे. बाकीचे सारे यंत्रणेला भितात. येथे देव तोतया नाही आणि विस्मृतही नाही. त्याचे नाव प्रत्येकाच्या ओठांवर आहे. त्याचा प्राण घेतला आहे तो त्याच्याच नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेने. नियती, विस्मृती आणि तोतयेगिरी या तिन्ही रीतींत भक्त निर्दोष राहू शकतो. प्रॅचेटच्या विनोदी कादंबरीत त्याला ती सवलत मिळत नाही. देववधाच्या या इतिहासातील सर्वांत गंभीर आरोप हलक्याफुलक्या मानल्या गेलेल्या कृतीने करावा, हे फँटसीच्या मूल्यमापनाची रूढ उतरंड पुन्हा तपासण्यास पुरेसे कारण आहे.