वजनकाटा आणि बीजांडकोश : पीसीओएसच्या निदानाची तीनशे वर्षे

#थ्रेड

१/ इ. स. १७२१. इटलीतील पदुआचे वैद्यकाचे प्राध्यापक आन्तोनियो वाल्लिस्नेरी यांनी एका तरुण, विवाहित शेतकरी स्त्रीची नोंद केली. ती काहीशी स्थूल होती आणि तिला मूल होत नव्हते. तिचे बीजांडकोश मोठे, उंचसखल, चकचकीत व पांढुरके, कबुतराच्या अंड्यांसारखे होते. त्यातील स्थूलतेच्या उल्लेखाने पुढे तीन शतके या विकाराची पाठ सोडली नाही.

२/ १९२१ मध्ये पॅरिसच्या आशार आणि तिएर या वैद्यांनी ‘दाढी असलेल्या स्त्रियांचा मधुमेह’ वर्णिला. चेहऱ्यावरील पुरुषी केस आणि रक्तातील साखरेचा बिघाड त्यांना एकत्र दिसला. योगायोग असा, की त्याच वर्षी टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केले. हे दोन धागे जुळायला मात्र सुमारे ६० वर्षे लागली.

३/ १९३५ मध्ये शिकागोच्या अर्विंग स्टाइन व मायकेल लेव्हेन्थल यांनी सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांनी बीजांडकोशांचा पाचरीसारखा भाग कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना गर्भ राहिला.

४/ या सातजणींपैकी काही स्थूल होत्या, सगळ्या नव्हेत. तरीही पाठ्यपुस्तकांत लक्षणांची जी यादी रूढ झाली, तीत पाळी न येणे आणि अंगावरील केस यांच्या जोडीला स्थूलताही बसली. सडपातळ रुग्ण त्या चित्राबाहेर राहिली.

५/ १९८० मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे बर्गेन, गिव्हन्स आणि किताबची यांनी तुलना केली. स्थूल स्त्रियांमध्येही, ज्यांना हा विकार होता त्यांच्या रक्तात इन्शुलिन अधिक आढळले. आणि इन्शुलिनच्या चढत्या पातळीबरोबर पुरुषी संप्रेरकेही चढलेली होती.

६/ यामागील यंत्रणा अशी : पेशी इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते अधिक स्रवते. जादा इन्शुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके बनवण्यास उद्युक्त करते. बीजपुटिका अर्धवट वाढून थांबतात. सोनोग्राफीत ‘गाठी’ म्हणून दिसतात त्या ह्याच.

७/ मग मूळ वजनात की इन्शुलिनमध्ये? १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या अँड्रिया डुनाइफ व सहकाऱ्यांनी दाखवले, की पीसीओएसमधील इन्शुलिनची ही अडचण स्थूलतेवर अवलंबून नाही. सडपातळ स्त्रियांतही ती आढळते. स्थूलता तीत आपली भर घालते.

८/ म्हणून वजनाचे स्थान नेमके सांगता येते. वाढलेली चरबी, विशेषतः पोटाची, विकार भडकवते. विकारही वजन वाढण्यास हातभार लावू शकतो. वजन जास्त असल्यास ते ५ ते १० टक्के उतरल्यावर, म्हणजे ८० किलोच्या स्त्रीचे ४ ते ८ किलो कमी झाल्यावर, अनेकींची पाळी सुधारते. तेवढ्याने विकार समूळ जातो, असे मात्र नाही.

९/ २००३ च्या रॉटरडॅम निकषांत तीन गोष्टी आहेत : अनियमित बीजोत्सर्ग, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट बीजांडकोश. इतर आजार वगळून यांपैकी दोन पुरेत. वजन त्यांत कुठेच नाही.

१०/ वजनकाटा किती फसवा, याचा दाखला पुण्याचा आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हा अभ्यास पीसीओएसचा नव्हता. पण ‘बारीक आहे, तिला कसला आजार?’ या समजुतीला त्याने परस्पर उत्तर दिले.

११/ २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी वजनावरून होणाऱ्या अवहेलनेचीही दखल घेतली. या समजुतीची किंमत दोघींनी मोजली आहे : सडपातळ स्त्रीचे निदान लांबले, आणि स्थूल स्त्रीला तपासणीऐवजी ‘आधी वजन कमी करा’ एवढेच ऐकावे लागले. पाळी महिनोन्महिने चुकत असेल, तर तपासणीचा हक्क दोघींचा सारखाच आहे.