न्यूमोनियात रक्ततपासणी कशासाठी करतात?

"डॉक्टर, सीआरपी 90 आलाय, आता काय?" नाशिकमधल्या माझ्या दवाखान्यात कोविडनंतर हा प्रश्न नेहमीचा झाला आहे. पण न्यूमोनियाचे निदान रक्तावरून होत नाही. ते छाती तपासून आणि एक्स-रेवरून होते. आजार किती गंभीर आहे आणि औषध लागू पडतेय का, हे ठरवायला रक्ततपासणीची मदत होते.

पांढऱ्या पेशी वाढल्या तर जिवाणूसंसर्गाची शक्यता वाढते. मात्र वयस्कर माणसात त्या नॉर्मल असूनही आजार गंभीर असू शकतो. युरिया वाढणे काळजीचे. क्रिएटिनिन पाहून काही औषधांचा डोस ठरतो. गंभीर रुग्णाचे ब्लड कल्चर शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी घेतात, पण रिपोर्टसाठी उपचार थांबवत नाहीत.

सीआरपी रोज करण्याचा आग्रह धरू नका. तो पहिल्या दिवशी वाढूही शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्यावर आला नाही, तर आम्ही औषध आणि एक्स-रे पुन्हा पाहतो.

रिपोर्ट चांगला असला तरी श्वास मिनिटाला 30 किंवा जास्त, ऑक्सिजन 94 पेक्षा कमी किंवा आजोबा असंबद्ध बोलू लागले, तर लॅबकडे नको, थेट रुग्णालयात न्या. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.