सात हाली, सहा कलदार

मंडळी, आपल्या हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत एक वाक्य अजून कधीकधी ऐकू येतं, "सातास सहा." आजच्या मुलांना त्याचा अर्थ लागत नाही. आमच्या घरात मात्र त्यावरूनच मला अपूर्णांक कळले, म्हणून हे लिहून ठेवतोय.

निजामाच्या राज्याचं स्वतःचं नाणं होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चारमिनार कोरलेला तो रुपया म्हणजे हाली सिक्का. नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही किंमत लिहिलेली असे. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. दोन्ही रुपये सोळा आण्यांचे आणि आणा बारा पैचा, पण किंमत वेगळी. हिशेब ठरलेला होता, सात हाली म्हणजे सहा कलदार. सरकारी कागदात हाच दर 100 कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली असा लिहीत. वाचून दडपायला होतं, पण 10 आणे 8 पै म्हणजे रुपयाचे दोन तृतीयांश. 116 आणि दोन तृतीयांशाला 100 म्हणजेच 7 ला 6. आकडे बदलले, प्रमाण तेच.

आता गंमत अशी की, आपल्या जुन्या शाळांत पाठ करून घेत त्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळ्या पावाच्या आणि अर्ध्याच्या. रुपयाचे सोळा आणे असल्यामुळे त्या चपखल बसायच्या. अर्धा म्हणजे अधेली, पाव म्हणजे पावली, त्याचा अर्धा चवली. पण सोळाचे सात सारखे भाग करून बघा! एका हालीचे कलदारात 13 आणे 8 पै होतात आणि वर पैचे चार सप्तमांश उरतात. एवढ्या पाठांतराचा तिथे काही उपयोग नव्हता.

माझी आजी शाळेत गेलेली नव्हती. थोरले काका तेव्हा पुण्यात शिकत होते आणि त्यांच्या खानावळीचे पैसे इंग्रजी टपालानं, म्हणजे कलदारात पाठवावे लागत. गोष्ट 1940 नंतरची, सालाची नक्की नोंद घरात नाही. आजोबा आजारी होते, म्हणून एकदा आजीच 42 हाली पदरात बांधून सराफाकडे गेली. त्यानं 35 कलदार मोजून दिले. "अम्मा, छठा हिस्सा कटता है, सब बराबर है," असं म्हणाला.

आजी उठली नाही. तिनं आपले 42 रुपये परत मागितले आणि तिथेच सतरंजीवर सात-सातच्या ढिगाऱ्या लावल्या. सहा झाल्या. प्रत्येक ढिगारीतला एक रुपया बाजूला काढला. सहा रुपये बाजूला, 36 ढिगाऱ्यांत. "हे 36. मग तुमचे 35 कसे?"

सराफ म्हणाला, बट्टा आहे. आजी म्हणाली, "बट्टा घ्यायचा तर बट्टा म्हणून सांगून घ्या, हिशेबात घालून नको." त्यानं 36 वा रुपया दिला. घरी आल्यावर तिचे हात थरथरत होते, असं वडील सांगायचे. बाजारात एकटीनं उभं राहून पुरुषाला हिशेब विचारायची तिची ती पहिलीच वेळ.

सराफाचा सहावा हिस्सा खोटा नव्हता, पण तो उलट्या बाजूचा होता. कलदारावरून हालीत जाताना सहावा भाग वाढवायचा, कारण ढिगारीत सहा आहेत. 36 चा सहावा भाग 6, झाले 42. हालीवरून कलदारात येताना मात्र ढिगारी सातची, म्हणून सातवा भाग कमी करायचा. फरक दोन्हीकडे 6 रुपयांचाच. कशाचा भाग, एवढंच विचारायचं. सहावा की सातवा यात आमचा एक कलदार जाणार होता.

हैदराबाद भारतात आल्यावरही काही वर्षं हाली आणि भारतीय रुपया बाजारात सोबत चालले. पुढे 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले आणि पुन्हा तोच खेळ सुरू झाला. पावली म्हणजे सोळातले चार, तेच शंभरातले 25. पण एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, आणि सव्वा पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून एका आण्याला 6, दोन आण्यांना 12, तीन आण्यांना 19 असा तक्ता ठरला. एकेक करून तीन आणे मोडले तर 18, एकदम मोडले तर 19. आजी आम्हाला हसून सांगायची, "एकदम मोडा रे."

मी पाचवीत असताना 6/7 आणि 36/42 सारखे कसे, हे काही केल्या कळेना. गुरुजी म्हणत, वर-खाली सहानं गुण. मी गुणायचो, पण पटत नव्हतं. एका संध्याकाळी आजीनं चिंचोके काढले आणि सात-सातच्या सहा ढिगाऱ्या लावल्या. "एका ढिगारीत सातातले सहा आपले. सहा ढिगाऱ्या झाल्या म्हणून आपला वाटा वाढला का? ढिगाऱ्या वाढल्या. वाटा तोच."

तिच्याजवळचा एक हाली रुपया आजही आमच्या देवघरात आहे. तुमच्या घरी हाली-कलदारच्या वह्या, पत्रं किंवा असे हिशेब कुणाच्या आठवणीत असतील तर खाली जरूर लिहा. त्या पिढीतली माणसं आता थोडीच उरलीत.