शांत झालेले मूल : वऱ्हाडातील जिन, अफू आणि पाळणाघर

१/ पाळणाघराच्या दारात मूल आईला बिलगते, ती निघाली की आकांत करते आणि काही वेळाने शांत होते. ‘रुळले’ म्हणून मोठी माणसे निश्चिंत होतात. पण ही शांतता नेमकी कशाची? वऱ्हाडात हा प्रश्न आजच्या पाळणाघरांहून बराच जुना आहे. त्याचा हा इतिहास.

२/ १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. वऱ्हाडी कापसाला मागणी आली. त्याच दशकात रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचली. पुढे अमरावती, अकोला, खामगाव येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. रेच्यात कापूस घालण्याच्या कामावर मुख्यतः स्त्रिया असत. हंगाम काही महिन्यांचाच. तो बुडवणे मजूर घराला परवडणारे नव्हते.

३/ मग तान्ह्या मुलाचे काय करायचे? घरी ठेवावे, तर सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. सोबत न्यावे, तर कापसाची धूळ आणि फिरते पट्टे. तिसरा उपाय होता अफूचा. आई कामावर असताना मुलाने त्रास देऊ नये म्हणून त्याला अफू देण्याची चाल भारतातील औद्योगिक केंद्रांत रूढ होती. मूल रडत नसे. पण ते समाधानी नव्हते, गुंगीत होते.

४/ १९२९ साली कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटली आयोग नेमला गेला. १९३१ च्या अहवालात त्याने या प्रथेची दखल घेतली आणि पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला.

५/ स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याच्या कलम ४८ ने पाळणाघर बंधनकारक केले. प्रकाश, हवा, स्वच्छता, प्रशिक्षित स्त्रीची देखरेख या अटी त्यात आल्या. १९७६ च्या दुरुस्तीने पन्नासची मर्यादा तीसवर आली. याच कलमात एक लहानशी तरतूद होती : ठरावीक अंतराने आईला मुलाला पाजता यावे. कायद्यासमोर प्रश्न दुधाचा होता. पण त्यातून मुलाला दुधाइतकेच मोलाचे आणखी काही मिळत होते. ते काय, याचे उत्तर तेव्हा लंडनमध्ये शोधले जात होते.

६/ तेथे जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन आईपासून दुरावलेल्या मुलांचा अभ्यास करत होते. १९५१ मध्ये बोल्बीचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये रॉबर्टसनने रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. त्यांच्या मते दीर्घ वियोगात मूल आधी आक्रोश करते, मग निराश होते, शेवटी अलिप्त होते. परिचारिका ज्याला ‘रुळणे’ म्हणत, ती अनेकदा निराशा असे.

७/ रोजच्या काही तासांचा विरह एवढा खोल नसतो. साधारण आठव्या महिन्यापासून मुलाला कळू लागते की दिसत नसली तरी आई आहे. ती परत केव्हा येईल, हे मात्र कळत नाही. वियोगचिंता उपजते ती या अर्धवट जाणिवेतून. दीड वर्षापर्यंत ती तीव्र असते, मग हळूहळू ओसरते. आई जाते आणि परत येते, हा अनुभव पुन्हा पुन्हा यावा लागतो आणि मधल्या वेळेत जवळ ओळखीचे माणूस असावे लागते. दूध पाजायला येणारी आई नकळत हाच अनुभव देत होती.

८/ ओळखीच्या माणसाचे हे मोल ताराबाई मोडक यांच्या कार्यातही दिसते. वकील पतीबरोबर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाईंनी पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेण्यात आली. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. कोसबादच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. धाकट्याला सांभाळणारी बहीण आता शिकू शकत होती आणि धाकटे तिच्याजवळच राहत होते.

९/ २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रातील तिच्या आरंभीच्या प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातील धारणी होते. ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. मात्र तिथे दिवसातले मोजके तास बसणारी मुले तीन ते सहा वर्षांची. वियोगचिंतेचे वय त्याआधीचे. त्या वयाचे मूल दिवसभर कुठे राहील, याची सोय तिने क्वचितच केली.

१०/ २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा भेटीची मुभा सक्तीची झाली. कलम ४८ मधली ती लहानशी तरतूद आता केवळ दुधापुरती उरली नाही. पण कापूस वेचणारी बाई कोणत्याच आस्थापनेच्या हजेरीपटावर नसते. तिचे मूल अजूनही धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर असते.

११/ अफूने मूल गप्प झाले, कायद्याने त्याला खोली मिळाली, अंगणवाडीने शाळा दारात आणली. शंभर वर्षांत मोजता येण्याजोगे बरेच मोजले गेले : स्त्रियांची संख्या, खोली, तास. त्या खोलीत मुलाला ओळखणारे, रोज तेच असणारे माणूस आहे की नाही, हे मोजणे अजून बाकी आहे.