एकगठ्ठा कोण म्हणतो?

१८४८ साली ग्वादालुपे हिदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा अफाट मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथली माणसे आपापल्या घरातच होती, सरहद्द मात्र सरकली. तरीही पुढे त्यांना उपरेच समजले गेले. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. १९५९च्या क्रांतीनंतर क्युबातून हजारो लोक आले. तिघांच्या हकिकती वेगळ्या, पण आज साऱ्यांना एकच नाव : लॅटिनो.

अमेरिकन राज्यशास्त्राला या समाजाची दखल घ्यावी असे फार काळ वाटलेच नाही. रॉबर्ट डाल यांनी १९६१ साली न्यू हेवन शहराचा गाजलेला अभ्यास मांडला. सत्ता अनेक गटांत विभागलेली असते आणि बाहेरून आलेले गट काही पिढ्यांत त्यात सामावले जातात, असा त्याचा आशय. युरोपातून आलेल्यांना हे लागू पडत होते. मग टेक्सासमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मेक्सिकन माणूस सत्तेबाहेरच का राहिला?

हा सवाल आधी रस्त्यावर उभा राहिला. १९७० साली टेक्सासच्या क्रिस्टल सिटीत 'ला रासा युनिदा' पक्षाने शाळा मंडळाची निवडणूक जिंकली. १९७५ साली मतदान हक्क कायद्याचे संरक्षण भाषिक अल्पसंख्याकांनाही मिळाले. मग विद्यापीठांना जाग आली. रॉडनी हीरो यांनी १९९२च्या ग्रंथात 'दोन स्तरांचा बहुसत्तावाद' मांडला : कागदावर समान हक्क, प्रत्यक्षात दुय्यम स्थान. डाल यांच्या चित्रातली उणीव त्यांनी दाखवून दिली.

दुसरा बदल पद्धतीचा होता. रोडॉल्फो दे ला गार्झा आणि सहकाऱ्यांनी १९८९-९० मध्ये २,८१७ लॅटिनोंच्या मुलाखती घेतल्या, त्याही स्पॅनिश किंवा इंग्रजी, ज्याला जी जबान हवी तिच्यात. उत्तरांनी अनेकांचे अंदाज चुकवले. बहुतेकांनी 'लॅटिनो' या सामायिक नावापेक्षा आपल्या मूळ देशाची ओळख पसंत केली. देशात स्थलांतरित फार झाले, असे म्हणणारेही त्यांच्यात बहुसंख्य निघाले! एकगठ्ठा समाजाची कल्पना तिथेच ढासळली. २००६च्या सर्वेक्षणात ८,६३४ जणांशी बोलणे झाले. तेव्हा दिसले की मेक्सिकन, लॅटिनो आणि अमेरिकन या तिन्ही ओळखी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. ओळख ही 'हे की ते' अशी निवड नसते, हा धडा राज्यशास्त्राला या अभ्यासाने ठळकपणे दिला.

२०१४ मध्ये हेच हीरो अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. अभ्यासाने अन्याय संपत नाही, हे खरे. पण ज्यांच्याविषयी नेहमी दुसरेच बोलत होते, त्यांच्यातूनच अभ्यासक उभे राहिले. ते आपल्या माणसांच्या दारी गेले आणि प्रश्न विचारून उत्तरे ऐकत बसले. ती उत्तरे ऐकल्यावर शास्त्रालाही आपली पाठ्यपुस्तके बदलावी लागली.