कार्थेजचे सुफेत

आजच्या ट्युनिस शहराजवळ, भूमध्य समुद्राच्या काठी असलेले कार्थेज हे फिनिशियन व्यापाऱ्यांचे नगर. टायरहून आलेल्या लोकांनी ते इ.स.पू. ८१४ मध्ये वसवले, अशी परंपरा आहे. त्याचा कारभार सुफेत नावाचे दोन अधिकारी पाहत. त्यांची निवड एका वर्षासाठी होई. वर्षाची नोंदही त्यांच्याच नावाने केली जाई. मार्सेय येथे सापडलेल्या, पण मूळच्या कार्थेजच्या मानल्या जाणाऱ्या एका शिलालेखात बाल-साफोनच्या मंदिरातील पुरोहितांचे दर कोरलेले आहेत. त्याच्या आरंभीच दोन सुफेतांची नावे वडील-आजोबांसकट येतात.

सुफेतांच्या हाती सैन्य नव्हते. सेनापती वेगळे निवडले जात आणि मोहीम फसली तर त्यांना क्रुसावर चढवण्यापर्यंत मजल जाई. कार्थेजची फौज बरीचशी भाडोत्री होती. त्यामुळे तिच्या जोरावर कोणी शहरावर चढून बसेल, याची धास्ती धनिक घराण्यांना कायम असावी. सेनापतींवर १०४ न्यायाधीशांच्या मंडळाचा वचक होता. सुफेत आणि वडीलधाऱ्यांची सभा यांचे एकमत झाले तर प्रश्न लोकसभेपुढे नेण्याचे बंधन नव्हते. एकदा तो नेला की मात्र कोणत्याही नागरिकाला विरोधात बोलता येई आणि निर्णय लोकांचा राही.

अ‍ॅरिस्टॉटलने या व्यवस्थेची वाखाणणी केली: येथे मोठे बंड झाले नाही, कोणी जुलूमशहाही उपजला नाही. पण त्याने नेमके दुखणेही दाखवले. वरची पदे पैशाने मिळत आणि एकच माणूस अनेक पदे अडवून बसे. खर्च करून पद मिळवणारा तो वसूल करणारच, हा त्याचा मुद्दा. गरीब नागरिकांना अंकित शहरांत धाडून कमाईची संधी दिली जाई, म्हणून असंतोष दबून राही.

रोमशी झालेल्या दुसऱ्या प्युनिक (म्हणजे कार्थेजी) युद्धात हरल्यानंतर हे दुखणे उघडे पडले. रोमला ५० वर्षांत १०,००० टॅलेंट खंडणी द्यायची होती, आणि खजिन्यातला पैसा मधल्या मध्ये जिरत होता. इ.स.पू. १९६ मध्ये त्या युद्धातला सेनापती हॅनिबल सुफेत झाला. त्याने विरोधी गटातल्या कोषाधिकाऱ्याला बोलावले, तर तो आलाच नाही. मुदत संपली की तो तहहयात न्यायाधीश होणार होता. मग भीती कुणाची? हॅनिबलने त्याला पकडून लोकसभेपुढे उभे केले आणि न्यायाधीश दरवर्षी निवडावेत, लागोपाठ दोन वर्षे कोणी राहू नये, असा कायदा करून घेतला. मग त्याने हिशेब तपासले आणि बुडवलेला पैसा वसूल केला. दुखावलेल्यांनी रोमकडे चहाड्या केल्या. पुढच्याच वर्षी त्याला टायरला पळावे लागले. कार्थेजची तिजोरी मात्र सुधारली: इ.स.पू. १९१ मध्ये नगराने उरलेली सारी खंडणी एकरकमी देऊ केली, पण रोमने नाकारली.

इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी शहर जमीनदोस्त केले, तरी उत्तर आफ्रिकेतल्या इतर प्युनिक गावांत सुफेत निवडले जात राहिले. लिबियातील लेप्टिस मॅग्ना येथे इ.स.पू. ८ मध्ये स्वखर्चाने बाजार बांधणारा अ‍ॅनोबाल रुफस स्वतःला सुफेतच म्हणवतो. सम्राट ट्राजनने त्या शहराला रोमन वसाहतीचा दर्जा दिला, तेव्हा हे पद तेथून गेले.