विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील उंची अलंकार : ‘प्रेरणा’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :
अलंकारांचा इतिहास बहुधा पेढ्यांच्या नावांनी सांगितला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील उंची अलंकारांच्या संदर्भात पॅरिसच्या ‘कार्तिए’ या पेढीचे नाव अग्रक्रमाने येते आणि तिच्या अनेक रचनांमागे हिंदुस्थानची प्रेरणा होती, असे नमूद केले जाते. ‘प्रेरणा’ या एका शब्दात हा सारा व्यवहार सामावतो काय, याची चिकित्सा करणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

पार्श्वभूमी :
शतकाच्या प्रारंभी युरोपीय अभिरुचीवर प्लॅटिनम व हिरे यांच्या शुभ्र, नाजूक रचनांचा पगडा होता. या रचनांचे मूळ अठराव्या शतकातील फ्रेंच राजदरबारी कलेत होते. १९१० साली पॅरिसमध्ये ‘शेहेराझाद’ हे रशियन नृत्यनाट्य सादर झाले. लेओन बाक्स्ट यांच्या भडक रंगयोजनेने पौर्वात्य रंगांची ओढ वाढविली. १९२२ मध्ये तुतनखामेनच्या थडग्याचा शोध लागल्यावर इजिप्शियन आकृतिबंध लोकप्रिय झाले. पेढीचे सूत्रधार लुई कार्तिए स्वतः पर्शियन लघुचित्रांचे संग्राहक होते. ही उदाहरणे प्रेरणेची होत. कारण येथे आकार व रंग तेवढे घेतले गेले.

हिंदुस्थानचे योगदान :
हिंदुस्थानची गोष्ट निराळी आहे. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने लुई यांचे बंधू झाक कार्तिए हिंदुस्थानात आले. या संबंधांतून पेढीला संस्थानिक ग्राहक मिळाले, तसेच पाने, फुले व फळे यांच्या आकारात कोरलेली पाचू, माणिक व नीलरत्नेही मिळाली. ही रत्ने प्लॅटिनममध्ये हिऱ्यांसह जडवून जी शैली सिद्ध झाली, ती पुढे ‘तुत्ती फ्रुत्ती’ या नावाने प्रसिद्धी पावली. १९३६ साली डेझी फेलोज यांच्यासाठी घडविलेला ‘हिंदू हार’ मागील बाजूस रेशमी दोरीने बांधण्याची सोयही येथील पद्धतीचीच होती. म्हणजेच येथून केवळ कल्पना नव्हे, तर तयार कोरीव काम गेले.

अर्थात, ही परंपराही शुद्ध देशी नव्हती. मोगलकालीन कोरीव पाचूंपैकी कित्येकांचे मूळ दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाच्या खाणींत होते; ते येथे पोहोचविणाऱ्या व्यापारात पोर्तुगीज गोव्याचा मोठा वाटा होता.

उलट प्रवाह :
याच काळात संस्थानिकांना पॅरिसच्या घडणीचे आकर्षण वाटू लागले. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांनी आपल्या खजिन्यातील रत्ने पाठवून कार्तिएकडून १९२८ मध्ये हार पूर्ण करून घेतला. त्यात २,९३० हिरे होते. मध्यभागीचा ‘डी बीअर्स’ हिरा २३४.६५ कॅरटांचा होता. इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या ‘शोमे’ पेढीकडून प्रत्येकी सुमारे ४७ कॅरटांचे दोन नासपतीच्या आकाराचे हिरे घेतले. पुढे यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे मराठा पोशाखातील चित्र बर्नार बुते द मोंवेल यांनी रंगविले, त्यात हेच हिरे दिसतात. पोशाख मराठा, रत्ने पॅरिसहून आलेली आणि चित्रकार फ्रेंच, असा हा संगम आहे. मात्र प्लॅटिनमच्या या ओढीमुळे शुद्ध सोन्याचा पत्रा दाबून रत्न बसविणाऱ्या कुंदनकामाकडे दरबारी आश्रयाचा ओघ पूर्वीसारखा राहिला नाही.

समारोप :
उपर्युक्त विवेचनावरून असे दिसते की, ‘प्रेरणा’ हा शब्द सोयीचा असला तरी अपुरा आहे. प्रेरणा देणारा निष्क्रिय व घेणारा सर्जक, असा अर्थ त्यातून ध्वनित होतो. आराखडा करणारी पेढी आणि दागिना घालणारा धनिक यांची नावे इतिहासात राहिली. पानाची शीर कोरणारा कारागीर मात्र बहुतांशी अनामिक राहिला. त्यामुळे अशा अलंकाराचा अभ्यास करताना रत्नाची खाण, कोरीव काम, कोंदण आणि मालकी या चार बाबींची स्वतंत्र नोंद करणे आवश्यक ठरते. कारागिराचे नाव त्यातून परत मिळणार नाही. त्याच्या श्रमाला मात्र रचनेच्या इतिहासात त्याचे स्थान मिळेल.